कंपनी अजून दोन वर्षं कंत्राटावर ठेवतेय. जाऊ, की आता घरी बसू?

तुम्ही लिहिलंय की ५८ पूर्ण होतायत, घराचं कर्ज फिटलंय, मुलीचं लग्न झालंय आणि कंपनी त्याच मशीनवर दोन वर्षं कंत्राटाने ठेवायला तयार आहे. घरी करमेल का, ही तुमची धास्ती.

मी १९८२ ते २०१६ भोसरी एमआयडीसीत टर्नर होतो, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापून आकार देणारा कामगार. माझ्यापुढेही असाच कागद आला होता. मी सही केली नाही, घरी बसलो. ते सहा महिने कसे गेले ते आधी सांगतो.

पहाटे पावणेपाचला जाग यायचीच. पहिल्या पाळीची बस कोपऱ्यावर यायच्या वेळी मी दुधाच्या निमित्ताने तिथे जाऊन उभा राहायचो. खिडकीतून पोरं हात करायची. बस गेली की समोर अख्खा दिवस. मग मी घरभर फिरायचो, फळीवरचे डबे इकडचे तिकडे करायचो, नळाचे वायसर बदलायचो. सकाळी अकरा ते साडेबारा हा माझ्या बायकोचा स्वतःचा वेळ आहे, हे मला चौतीस वर्षांत माहीतच नव्हतं. शेजारच्या दोघी यायच्या, भाजी निवडता निवडता बोलणं चालायचं. मी हॉलमध्ये बसलेला दिसल्यावर त्या यायच्या बंद झाल्या. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "तुमची नोकरी गेली आणि माझं घर गेलं." त्या रात्री मला झोप लागली नाही. करमेल का, हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. घरात विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

गावी, कोरेगाव तालुक्यात, भाऊ करतो त्या दीड एकरात दोन महिने राहून पाहिलं. ते रान त्याचं झालंय. मी पाहुणाच.

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एकाने मात्र सही केली होती. धाकट्याची फी भरायची होती, त्याचा निर्णय बरोबरच होता. गरज असेल तर त्यात समाधान शोधत बसायचं नसतं, कामाला जायचं. पण त्याने जे पाहिलं ते तुम्हालाही माहीत हवं. मशीन तेच, दिवसाचे नग तेवढेच, पगार निम्म्याच्या आसपास, आणि अडचण आली तर बाजूने बोलायला युनियन नाही.

सातव्या महिन्यात ओळखीच्या एका माणसाने त्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बोलावलं. दोन लेथ, एक जुनं ड्रिल. मी तीन गोष्टी आधीच बोलून घेतल्या: आठवड्यातून चार दिवस नऊ ते एक, माझ्या नावावर नग मोजायचे नाहीत, आणि आळंदीहून पालखी निघाली की तीन आठवडे मी नाही. चौतीस वर्षं मी ज्ञानोबांची पालखी कंपनीच्या बसमधून पाहिली होती. २०१७ साली पहिल्यांदा दिवेघाट पायी चढलो. वर पोचून मागे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

वर्कशॉपमध्ये मी पोरांना टूल घासायला शिकवतो. हल्ली सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कापायची तयार टोकं बसवतात, त्यामुळे आयटीआय करून आलेल्या पोरालाही एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) टूल ग्राइंडरवर धार लावायला धरताना हात स्थिर ठेवता येत नाही. क्लिअरन्स, म्हणजे टूलच्या धारेखालची मोकळी जागा, कमी पडला की टूल कापत नाही, नुसतं घासतं. जॉबवर चकाकी येते, आवाज बदलतो. तो आवाज माझ्या कानाला दारातूनच कळतो. हे कान घेऊन मी घरी नळ दुरुस्त करत बसलो होतो. मला काम नको झालं नव्हतं, नग मोजणं नको झालं होतं. हे कळायला मला सात महिने लागले. तुम्ही सही करण्याआधी एवढं एक स्वतःला विचारून पाहा.

आता पैशाचं. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी, पेन्शन ५८ ला सुरू होते. ती साठपर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणून पुष्कळ जण थांबा म्हणतात. माझी पेन्शन २,९०० च्या आसपास बसली. वर्गणी न भरता नुसता थांबलो असतो तर दोन वर्षांचे जवळजवळ ७० हजार सोडून महिन्याला साधारण २३५ रुपये जास्त मिळाले असते. ते भरून यायला २४ वर्षांहून जास्त, म्हणजे वयाची चौऱ्याऐंशी उलटणार. मी थांबलो नाही. तुमचा आकडा घालून हिशेब करा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावीच लागते. "कंत्राट संपल्यावर एकदम देऊ" असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. हयातीचा दाखला आता वर्षात कधीही देता येतो आणि तो तिथून पुढे १२ महिने चालतो, नोव्हेंबरच्या रांगेची काळजी नको.

आणि कागदावर पाळी कोणती लिहिलीय ते बघा. रात्रपाळी असेल तर नाही म्हणा. पहिल्या पाळीचं असेल, तर दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांचं मागून पाहा.