टाकीतले इंधन आणि घड्याळाचा हिशेब

प्रश्न : इंधन संपल्यामुळे एक चार आसनी विमान शेतात उतरवावे लागले आणि त्यात वैमानिक जखमी झाला, अशी बातमी वाचली. मोटारीत काटा खाली गेला की लगेच समजते. मग विमानात ते का समजू नये? हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणायचा का?

उत्तर : मोटारीच्या काट्यावर आपण जितके विसंबतो तितके लहान विमानाच्या वैमानिकाने विसंबू नये, असेच त्याला पहिल्यापासून शिकवले जाते. या विमानांच्या टाक्या बहुधा पंखांत असतात व त्या उथळ आणि पसरट असल्याने विमान थोडे कलले तरी आतले इंधन एका बाजूला सरकते आणि काटा डोलू लागतो. म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिक पंखाशी चढून टाकीचे झाकण उघडतो, खुणा केलेली पट्टी आत उभी बुडवतो आणि ती कुठवर ओली झाली ते पाहतो. पेट्रोल झरझर उडून जात असल्याने ती ओली रेघ डोळ्यांदेखत पुसट होत जाते, त्यामुळे आकडा तिथल्या तिथे वाचावा लागतो.

त्यानंतरचा हिशेब घड्याळाचा. सेस्ना १७२ या चार आसनी प्रकारच्या अलीकडच्या विमानांत वापरण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर मावते आणि तासाला साधारण ३५ लिटर जळते, म्हणजे टाक्या भरलेल्या असतील तर साडेपाच तासांची सोय झाली. पण २०० लिटर इंधनाचे वजन १४० किलोंच्या वर जाते, त्यामुळे चारही आसने भरायची असतील तर टाक्या पूर्ण भरता येत नाहीत. समजा ४०० किलोमीटर जायचे आहे आणि विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर आहे. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर दोन तासांचा प्रवास अडीच तासांचा होतो. अमेरिकेच्या नियमानुसार दृश्य उड्डाणासाठी, म्हणजे बाहेर नजर ठेवून केलेल्या उड्डाणासाठी, दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटे पुरेल इतके इंधन राखीव धरावे लागते. म्हणजे वाऱ्याचा अंदाज चुकला, तर दिवसाची सगळी राखीव शिदोरी त्या एका वाऱ्यातच संपली! त्यात उंचीवर हवा विरळ झाल्यावर इंधनमिश्रणही विरळ करायचे, म्हणजे हवेच्या मानाने त्यातले पेट्रोल कमी करायचे, राहून गेले, तर तासाचा खप पुस्तकातल्या आकड्याहून वाढतो.

निष्काळजीपणाबद्दल विचाराल, तर दोष बहुतेक वेळा वैमानिकाचाच असतो, पण तो नवख्याचा असतो असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या काळाचा आढावा घेतला, तेव्हा इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाल्याचे आढळले. त्यांतील जवळपास निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता आणि शिकाऊ वैमानिक जेमतेम २ टक्के होते. माझ्या मते खरी चूक हवेतच घडते : खाली धावपट्टी दिसत असताना ‘आता वीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे’ असे म्हणून तिच्यावरून पुढे निघून जाणे.

कधी कधी इंधन विमानात असते, पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही, कारण रिकाम्या टाकीवरून भरलेल्या टाकीवर कळ फिरवायची राहून जाते. १९९७ साली अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर स्वतः चालवत असलेल्या ज्या विमानाच्या अपघातात गेले, त्यात टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. तिच्याशी झटताना लक्ष विचलित होऊन ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता.

इंजिन थांबले म्हणून विमान लगेच कोसळत नाही. वारा नसेल तर सेस्ना १७२ तीन हजार फुटांवरून सुमारे आठ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. घात होतो तो पुढे, शेत थोडक्यात हुकणार असे दिसताच वैमानिक नाक वर ओढतो तेव्हा. वेग पडतो, पंखांची उचल जाते आणि मोकळ्या जागेत सुखरूप टेकू शकले असते ते विमान शेताच्या अलीकडेच आदळते.