रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायला नव्याने शिकताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही २४ रंगांची पेटी आणि चित्रकलेची साधी वही घेतली आहे. हलक्या हाताने रंगवलं की चित्र पांढुरकं, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. जोर देऊन रंगवलं की चकाकतं आणि त्यावर दुसरा रंग धरतच नाही. महागाची पेटी घेतली तर हे सुटेल का, असं तुम्ही विचारलं आहे. थोडंफार सुटेल. पण या दोन्ही तक्रारींचं मूळ कागदाच्या दाण्यात आणि हाताच्या दाबात आहे, त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तेवढं समजून घ्या.

वहीचं पान उजेडात तिरकं धरून पाहा. वरवर सपाट वाटणाऱ्या कागदावर बारीक उंचवटे आणि खळगे दिसतील. हाच कागदाचा दाणा. रंगीत पेन्सिलीचं शिसं म्हणजे मेणात किंवा तेलात बांधलेली रंगाची पूड आणि सोबत चिनी मातीसारखं भरण. ते उंचवट्यांवर घासलं जातं आणि तिथे चिकटतं. टोक बोथट असेल तर ते उंचवट्यांवरूनच फिरतं, खळगे कोरे राहतात. तुम्हाला दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे हेच कोरे खळगे. टोक अणकुचीदार असेल तर ते खळग्यात उतरतं आणि हलक्या हातानेही रंग भरून येतो. जोर दिला की उंचवटे चेपतात, खळगे मेणाने बुजतात आणि वरचा पापुद्रा गुळगुळीत होतो. चकाकी त्याचीच. पुढच्या पेन्सिलीला मग पकडायला काही उरत नाही, ती नुसती घसरते. प्रत्येक कागदाला दाणा ठरावीकच असतो. तो पहिल्याच रंगात संपवायचा की सात-आठ थरांना पुरवायचा, या माध्यमाची बरीचशी विद्या यातच आहे.

म्हणून पहिला खर्च कागदावर करा. १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज पेपर शिकायला उत्तम. एक मोठी शीट घेऊन तिचे ए-५ आकाराचे तुकडे करा, म्हणजे कागद वाया गेल्याची हळहळ वाटत नाही. आयव्हरी शीट दिसायला सुंदर असते, पण फार गुळगुळीत. तिच्यावर दोन-तीन थरांतच दाणा संपतो. जलरंगाचा खरबरीत कागद उलट टोकाचा: कितीही घासलं तरी पांढरे ठिपके डोकावत राहतात. हात बसल्यावर जलरंगाचाच, पण हॉट प्रेस प्रकारचा, म्हणजे दाबून गुळगुळीत केलेला ३०० जीएसएमचा कागद घेऊन पाहा, खूप थर सोसतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कागद दमट होऊन मऊ पडतो आणि टोकदार पेन्सिलीने त्याचे तंतू उचकटतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा ठेवा.

पेन्सिलींचं म्हणाल तर शाळेच्या पेटीत रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असतं, त्यामुळे गडद छटा येत नाही. तुमची पेटी कितपत चालेल याची सोपी चाचणी आहे. निळ्याचा हलका थर द्या, त्यावर पिवळा. स्वच्छ हिरवा दिसला तर पेटी शिकायला पुरेशी आहे. पिवळा निळ्यावर नुसता धुरकट बसला तर बदला. बदलताना ७२ रंगांच्या मोहात पडू नका. चांगल्या प्रतीच्या १२ किंवा २४ पेन्सिली घ्या आणि पुढे लागतील तशा सुट्या घ्या. मोठ्या शहरांतल्या कलासाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन त्या मिळतात. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस पेन्सिली १९०८ पासून बनतात, १२० रंगांत येतात आणि त्यांचं शिसं तेलावर बांधलेलं असतं. ते जरा कडक, टोक टिकतं, बारीक कामाला चांगलं. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाची, खूप मऊ. रंग भराभर चढतो, पण टोक पटकन झिजतं आणि मोडतंही. नवख्या हाताला मी कडक शिसं सुचवेन, कारण त्यात चुकून जास्त दाब पडला तरी दाणा लगेच बुजत नाही. पेटीवर किंवा पेन्सिलीवर ब्रशची खूण असेल तर त्या पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली आहेत. कोरड्याही चालतात, पण ओला हात लागला की डाग पसरतो.

आणखी थोडंच सामान लागेल: धातूचा चांगला शार्पनर, मळता येणारा पुट्टीसारखा खोडरबर, कण झाडायला मऊ ब्रश आणि हाताखाली ठेवायला कोरा कागद. तळहाताचं तेल आणि घाम कागदाला लागला की त्या जागी रंग वेगळा बसतो. कण फुंकून उडवू नका, थुंकीचा बारीक थेंबही डाग पाडतो. हाताने पुसलेत तर गडद कण फिकट भागावर फराटे ओढतात.

चित्राआधी दोन सराव करा. पहिला म्हणजे रंगतक्ता: प्रत्येक पेन्सिलीसाठी २ सेंमीचे तीन चौकोन, अगदी हलका, मध्यम आणि जोराचा. पेन्सिलीच्या लाकडावरचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग बरेचदा जुळत नाहीत, म्हणून तक्ता ज्या कागदावर चित्र काढणार त्याच कागदावर हवा. दुसरा सराव दाबाचा. एकच गडद निळी पेन्सिल घ्या, पाच चौकोन आखा आणि फिक्यापासून गडदपर्यंत जा, पण दाब न वाढवता. पहिल्या चौकोनात एक थर, दुसऱ्यात दोन, असं पाचव्यात पाच थर. पेन्सिल टोकाजवळ न धरता मध्याच्याही मागे धरा, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब पडतो. रेघोट्या मारण्यापेक्षा मोहरीएवढी, एकमेकांवर चढणारी वर्तुळं काढा. रेघोट्यांच्या टोकाला हात थांबतो तिथे गडद कड उमटते आणि पुढच्या थरांतही ती लपत नाही. चौकोन पाठीमागून बोटाने चाचपून पाहा. मागे उठाव जाणवला तर दाब जास्त आहे.

आता पहिलं चित्र लिंबाचं काढा. आकार सोपा आहे, आणि पिवळा रंग नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवतो. एक पिकलेलं कागदी लिंबू पांढऱ्या कागदावर ठेवा, डावीकडून वरून टेबललॅम्पचा उजेड सोडा आणि खोलीतली ट्यूब बंद करा. दोन दिवे असले की दोन पडछाया पडतात आणि गोलाई कळेनाशी होते. लिंबू खऱ्यापेक्षा मोठं, ६-७ सेंमीचं काढा. त्याहून लहान चित्रात पेन्सिलीचं टोकच जाड पडतं. बाह्यरेषा साध्या पेन्सिलीने काढलीत तर पुट्टीने दाबून दाबून इतकी फिकट करा की जेमतेम दिसेल. ग्राफाइटवर मेण बसलं की ते खोडता येत नाही, आणि पिवळ्यात मिसळून मळकट हिरवट झाक देतं. त्यापेक्षा रेषा थेट मातकट पिवळ्या, म्हणजे ऑकरने काढा.

सगळ्यात उजळ ठिपका कुठे आहे ते आधी ठरवा आणि तेवढी जागा कोरी सोडा. पांढरी पेन्सिल पिवळ्यावर पांढरं करू शकत नाही. कागदाचा पांढरा हाच तुमचा पांढरा. मग लेमन यलोचा एक हलका थर ठिपका सोडून सगळीकडे द्या. आता रिकाम्या, शाई संपलेल्या बॉलपेनने सालीवर बारीक बारीक टिंबं दाबा, कडेकडे दाट आणि मधे विरळ. पुढचे थर या खड्ड्यांवरून निघून जातील आणि आतला फिका पिवळा तसाच राहील. सालीची बारीक छिद्रं अशी फुकटात मिळतात. पहिल्या थराआधी दाबलीत तर मात्र ती पांढरी दिसतात आणि लिंबाला पुरळ आल्यासारखं वाटतं.

त्यानंतर सावली. इथे हात आपोआप काळ्याकडे जातो. जाऊ देऊ नका: पिवळ्यावर काळा घातला की तो शेवाळी होतो आणि लिंबू सडल्यासारखं दिसतं. सावलीच्या भागात ऑकरचे दोन थर द्या. मग जांभळ्या पेन्सिलीला नवं टोक करून सावलीच्या सगळ्यात गडद पट्ट्यात एकच थर, अगदी अंगावरून वारा जावा इतका हलका. जांभळा हा पिवळ्याचा विरुद्ध रंग आहे, म्हणून तो पिवळ्याचा भडकपणा कमी करतो आणि सावली तपकिरी, जिवंत दिसते. हा थर पडल्यावर चित्र क्षणभर बिघडल्यासारखं वाटेल. त्यावर गडद पिवळ्याचा थर आला की सगळं एकजीव होतं. जांभळ्याचे दोन-तीन थर दिलेत तर चिखल होतो, तेव्हा कमीच ठेवा. गडद पट्टा लिंबाच्या अगदी कडेपर्यंत नेऊ नका. खालच्या कागदावरून परतलेल्या उजेडाने कड थोडी उजळ असते, तेवढी पट्टी सोडली की लिंबू गोल होतं. देठाकडे पोपटीचा किंचित स्पर्श द्या. पुढे लेमन यलो आणि गडद पिवळा आलटून पालटून दोन-तीन थर, उजेडाच्या बाजूला पहिला आणि सावलीकडे दुसरा.

लिंबाची जमिनीवर पडलेली सावली नुसती करडी काढू नका. जांभळा आणि निळा हलके मिसळा, लिंबाला चिकटून गडद आणि लांब जाईल तशी फिकट, मऊ कडेची. लिंबाच्या लगत या सावलीत किंचित पिवळा घाला, कारण सालीचा रंग तिथे खरोखर पडलेला असतो. अगदी शेवटी, दाण्यात जागा उरली असेल तर, लेमन यलोने पहिल्यांदाच जोर देऊन उजेडाचा भाग घासून घ्या. याला बर्निशिंग म्हणतात. थर एकमेकांत मिसळतात, साल तुकतुकीत दिसते. हे काम नेहमी शेवटचं, कारण यानंतर काहीच चढत नाही. एवढ्या चित्राला दीड-दोन तास धरा आणि मधे एकदा उठून ते दुरून बघा. जवळून फार गडद वाटणारी सावली हातभर अंतरावरून बहुधा फिकीच असते. नवशिक्यांची चित्रं सपाट दिसतात ती गडद रंगाला घाबरल्यामुळेच.

चूक झाली तर साधा रबर घासू नका, तो मेण पसरवतो. पुट्टी किंवा मास्किंग टेपचा तुकडा जागेवर हलका टेकवून सरळ वर उचला, प्रत्येक वेळी थोडा रंग निघतो. पूर्ण कोरा कागद परत मिळत नाही, पण दुरुस्तीपुरती जागा होते. टोक शार्पनरमध्ये सारखं मोडत असेल तर दोन कारणं शोधा: पातं बोथट झालंय, किंवा पेन्सिल पडून आत शिसं तडकलंय. पातं बदला, आणि पेन्सिल फिरवण्याऐवजी ती स्थिर धरून शार्पनर फिरवा. मेणाच्या पेन्सिलींनी दाट भरलेल्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी धूळ आल्यासारखी दिसते. बुरशी नव्हे, मेण वर आलेलं असतं. मऊ सुती कापडाने अलगद पुसलं की जातं. चित्र टिकवायचं असेल तर पुसून झाल्यावर फिक्सेटिव्हचे (चित्रावर संरक्षक थर देणाऱ्या स्प्रेचे) दोन-तीन पातळ फवारे, एक फूट अंतरावरून आणि खिडकी उघडी ठेवून मारा.

टर्पेंटाइनने रंग विरघळवून गुळगुळीत करण्याची पद्धत व्हिडिओंमध्ये दिसेल. ती खरी आहे: कापसाच्या काडीने हलकं पुसलं की मेण सैल होऊन रंग खळग्यात उतरतो. पण त्याला जाड कागद आणि हवा खेळती लागते, आणि दाब सांभाळायचा सराव मागे पडतो. पहिली काही चित्रं कोरडीच काढा. बेबी ऑइल तर नकोच, त्याचा तेलकट डाग कागदात मुरतो.

कुणाला चित्र भेट देणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. स्वस्त पेट्यांतले गुलाबी आणि जांभळे बरेचदा उजेडात उडतात. प्रत्येक रंगाची एक पट्टी काढा, अर्धी जाड काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत तीन महिने चिकटवून ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक दिसला तो रंग सरावासाठी ठेवा.

लिंबू दोन-तीनदा जमलं की टोमॅटो घ्या, त्यात चकाकीची कड धारदार ठेवायला शिकाल. मग कांदा, त्याच्या शिरा गोलाईबरोबर वळवायला. काच आणि स्टीलची भांडी तूर्त लांब ठेवा. त्याआधी पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं काढा, तेही करडी पेन्सिल न वापरता, फक्त निळा, नारिंगी आणि थोडा जांभळा यांच्या अतिशय हलक्या थरांनी.