पांढरा पोशाख, काळा पडदा

प्रश्न : ताई, परवा पहिल्यांदाच एका फॅशन शोचे फोटो काढले. कॅमेरा अपर्चर प्रायॉरिटीवर (भिंगाचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) आणि सायलेंट मोडमध्ये (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) होता. पांढऱ्या पोशाखांवरचं काम पार उडालं आणि चालणाऱ्या मॉडेल्सचे पाय धूसर आले. म्हणून मध्येच शटर १/१००० केलं, तर उभ्या फोटोंवर उभे काळपट पट्टे दिसू लागले. नवा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : नाही, आत्ताच नको. उडालेलं काम आणि धूसर पाय या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. रॅम्पच्या मागे काळा पडदा असतो, प्रेक्षक अंधारात असतात. फ्रेममधला बराचसा भाग काळा दिसला की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं, उजेड कमी आहे. मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. त्यात पांढरं कापड जळतं, म्हणजे बारकावे जाऊन निव्वळ पांढरं दिसतं, आणि पाऊलही हलतं.

माझ्या सुरुवातीच्या एका शोमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याचं भरतकाम केलेला पोशाख होता. मी आनंदाने फोटो दाखवले. डिझायनर बराच वेळ बघत राहिली आणि तिने एवढंच विचारलं, ‘यात टाके कुठे आहेत?’ कित्येक आठवडे हातांनी घातलेले टाके माझ्या फोटोत नव्हतेच. तेव्हापासून रॅम्पवर मी कॅमेऱ्याला एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश टिपायचा ते, ठरवू देत नाही.

मॅन्युअलवर या, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः ठरवा. रंगीत तालमीला जा, तिथे दिवे शोसारखेच लावलेले असतात. रॅम्पच्या टोकाशी, मॉडेल जिथे थांबते तिथे, कुणाला तरी पांढरं कापड धरून उभं करा. त्याची वीण दिसेल पण हायलाइटची सूचना (जास्त उजळून उडालेला भाग दाखवणारी पडद्यावरची खूण) लुकलुकणार नाही, असं एक्स्पोजर शोधा. मी छिद्र एफ २.८, शटर १/५०० पासून सुरू करते आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) लागेल तसा चढवते. १६०० ते ३२०० ला घाबरत नाही. फोटोत दाणेदारपणा आला तरी चालतो, उडालेला टाका परत आणता येत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, घ्या.

आता खरी कसोटी. पांढऱ्यामागून काळा पोशाख येतो आणि हात आपोआप डायलकडे जातो. जाऊ देऊ नका. मॉडेलवर पडणारा उजेड तोच आहे, मग सेटिंगही तेच. प्रकाश बदलला तर हात लावायचा, कापड बदललं म्हणून नाही. व्हाइट बॅलन्सचंही (दिव्याच्या रंगानुसार रंग जुळवणारी सेटिंग) तेच: ऑटोवर ठेवला तर लाल पोशाख येताच त्वचेचा रंग सरकतो. हॅलोजन असतील तर ३२०० केल्विन, दिवसासारखे पांढरे दिवे असतील तर ५६००. एलईडीचा भरवसा नाही, तिथे तालमीत ग्रे कार्डची (रंग नंतर जुळवायला वापरतात ते करडं कार्ड) एक फ्रेम घेऊन ठेवा.

पट्ट्यांचा दोष मात्र दिव्यांचा आणि सायलेंट मोडचा मिळून आहे. अनेक एलईडी दिवे मंद करताना प्रत्यक्षात अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून काही ओळी दिवा पेटलेला असताना टिपल्या जातात, काही विझलेला असताना. ओळी फ्रेमच्या लांब बाजूला समांतर असतात, त्यामुळे कॅमेरा उभा धरला की पट्टेही उभे. मेकॅनिकल शटर वापरा. त्याचा पडदा फ्रेमवरून साधारण १/२५० सेकंदात सरकतो. अनेक कॅमेऱ्यांचे सेन्सर वाचायला याहून कितीतरी जास्त वेळ घेतात. पट्टे तरीही राहिले तर शटर थोडं थोडं वरखाली करून पाहा. कॅमेऱ्यातली साधी अँटी-फ्लिकर सोय ५० किंवा ६० हर्ट्‌झच्या विजेच्या लुकलुकीसाठी असते, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा. मंद केलेले एलईडी याहून खूप जलद लुकलुकतात. म्हणून तालमीतच दिवे सांभाळणाऱ्याला गाठा. बऱ्याच स्टेज दिव्यांत ही लुकलुकण्याची फ्रिक्वेन्सी वाढवता येते. मी विचारलं तेव्हा नकार क्वचितच मिळाला.

फोकस कंटिन्युअसवर (हलत्या माणसामागे सतत जुळत राहणारा) आणि डोळ्यावर ठेवा. २०० मिलिमीटरचं भिंग, एफ २.८ आणि दहा मीटर अंतर असेल तर फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) जेमतेम चाळीस सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, आणि चालणारी मॉडेल तेवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापते.

पावलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढचं पाऊल जमिनीला टेकतं तो क्षण घ्या. हवेतला पाय शरीरापेक्षा वेगाने पुढे येतो, टेकल्यावर क्षणभर स्थिर होतो, आणि त्याच वेळी कापडाचा झोल मागे पसरलेला असतो. संगीताच्या ठेक्यावर बोट ठेवू नका, प्रत्येकीची चाल वेगळी असते. पहिली दोन पावलं नुसती बघा, मग दाबा.

पुढच्या तालमीतली पांढऱ्या कापडाची फ्रेम सेटिंगसकट मला पाठवा. पट्टे तरीही आले तर पट्ट्यांची फ्रेमही पाठवा, दिवे किती मंद केले होते ते लिहून.