पोटातलं बाळ गेलं, तर खुनाचं कलम लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घणसोलीत पार्किंगवरून भांडण झालं, शेजाऱ्याने सहा महिन्यांच्या गरोदर वहिनींच्या पोटात लाथ मारली, दुसऱ्या दिवशी बाळ पोटातच गेलं आणि पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करत नाहीत) घेऊन घरी पाठवलं. भाऊ विचारतायत, अमेरिकेत याला खून म्हणतात, मग इथे का नाही? मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी केसेस चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खुनाचं कलम लागणार नाही, त्यावर वाद घालत बसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की आईच्या पोटातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. बाळाचा एखादा भाग जरी बाहेर आला असता तर गोष्ट वेगळी होती, मग त्याने श्वास घेतलेला नसला तरी.

पण म्हणून ही साधी मारहाण होत नाही. एनसी निघते ती साध्या दुखापतीची, कलम 115. तुम्हाला हवीत 89 आणि 92. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला तर कलम 89, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. गर्भपात करायचाच हेतू होता हे दाखवावं लागत नाही, आपल्या कृतीने तो होऊ शकतो याची जाणीव पुरते. सहाव्या महिन्यातलं पोट दिसलं नाही, असं आरोपी कोणत्या तोंडाने सांगणार? कलम 92 पोटात हालचाल करू लागलेल्या बाळासाठी आहे. त्यात मार असा हवा, की त्याने आई दगावली असती तर सदोष मनुष्यवध झाला असता. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र, अजामीनपात्र. खुनासाठी अडून बसलेल्यांना जन्मठेपेचं कलम हाताशी आहे हे माहीतच नसतं.

केस पडते ती बहुतेक कागदावर. कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "काय झालं?" पोलिसांची कटकट नको म्हणून घरातलंच कुणीतरी "जिन्यावरून पडली" सांगून टाकतं. ती एक ओळ केस पेपरवर चढते आणि दोन वर्षांनी आरोपीचा वकील तीच वाचून दाखवतो. तुमच्या पेपरवर काय लिहिलंय ते आधी बघा. एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलने पोलीस केस म्हणून केलेली नोंद, झाली का, तेही विचारा. पोटावर मार बसला की वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून बाळाच्या पोस्टमॉर्टेमइतकाच वारेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कामाचा. घटनेआधीची सोनोग्राफी, ठोके ऐकल्याची नोंद असलेलं कार्ड, सगळं जमवा. महापालिकेने मृतजन्माचा दाखला दिला नाही तर घाबरू नका, ती नोंद 28 आठवड्यांपासून पुढे होते.

अमेरिकेचं म्हणाल तर 2004 च्या केंद्रीय कायद्याने पोटातल्या बाळाला वेगळा बळी मानलं, पण फक्त तिथल्या केंद्रीय गुन्ह्यांपुरतं. संमतीचा गर्भपात आणि खुद्द आईची कृती त्यातून वगळलीय. कॅलिफोर्नियाने मात्र 1970 मध्येच खुनाच्या व्याख्येत गर्भ घातला. आपल्याकडे तसं करावं, असं मला वाटत नाही. आपल्या कलम 88 खाली स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा आधीच गुन्हेगार ठरू शकते. गर्भाला खुनाचा बळी केलं की पहिली चौकशी तिचीच होणार, सासरकडूनही आणि पोलिसांकडूनही.

आता तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, गुन्हा 89 आणि 92 खाली नोंदवा म्हणून, आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने तक्रार, तरीही नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली दंडाधिकाऱ्यांकडे. पण त्याआधी, आजच, सोसायटीच्या सेक्रेटरीला सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचं पत्र द्या. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) काही दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्ड करतो. पोलिसांनी ते पेन ड्राइव्हवर घेतलं तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलंय ना, तेवढं बघा.