नेतृत्वाचे सिद्धांत कामावर कितपत उपयोगी पडतात?

तुम्ही विचारलंय की नेतृत्वाचे इतके सिद्धांत शिकवतात, त्यांतला खरा कोणता आणि नोकरीत त्याचा काही उपयोग होतो का, की सगळं परीक्षेपुरतंच?

मी अतिदक्षता विभागात इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याही अभ्यासक्रमात हा भाग होता आणि मीही तो मार्कांसाठीच पाठ केला होता. पुढे बावीस जणींच्या ड्यूट्या लावायची वेळ आली तेव्हा वही पुन्हा शोधून काढली. त्यामुळे खरा कोणता या वादात मी पडत नाही. कुठला कामी आला आणि कुठला नुसता शोभेचा निघाला, एवढं सांगते.

गुणांचा सिद्धांत, म्हणजे अंगच्या गुणांमुळे माणूस नेता होतो हा, पटकन उरकते. थॉमस कार्लाइलने १८४०मध्ये थोर पुरुषांवर व्याख्यानं दिली आणि ‘नेता जन्मावा लागतो’ या समजुतीला वजन आलं. १९४८मध्ये संशोधक राल्फ स्टॉगडिलने तोवरचे अभ्यास तपासले, तर एका ठिकाणी नेता ठरलेला माणूस दुसरीकडे ठरेलच असं नाही, असं निघालं. म्हणून सिद्धांत मेला असंही नाही. २००२च्या एका मोठ्या आढाव्यात बहिर्मुख स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध दिसला. पण नेता म्हणून पुढे येण्याशी जास्त, काम चांगलं होण्याशी कमी. मीटिंगमध्ये सर्वांत जास्त बोलणाऱ्याला प्रमुख करून टाकण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे. स्वतः एकदा खुर्चीत बसलात की मात्र याचा काही उपयोग नाही, कारण स्वभाव आहे तोच राहणार.

दुसरा मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचा, नेत्याच्या वागण्याच्या शैलींचा. १९३९मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे बनवायला दिले. कुठे मोठा माणूस हुकूम सोडायचा, कुठे मुलांना विचारून ठरवायचा, कुठे नुसता बसून राहायचा. हुकूमशाही गटात मुलं झपाट्याने काम करत, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. सल्ल्याने चालणाऱ्या गटात तो असला-नसला तरी फारसा फरक पडत नसे.

हे वाचलं आणि मला आमच्या हॅण्डरबच्या बाटल्या आठवल्या. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात निर्जंतुक करायचे, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ. मी वॉर्डात असले की सगळ्या जणी हात चोळताना दिसायच्या. एकदा संध्याकाळी निघताना मार्करने बाटल्यांवर रेघा मारून गेले. सकाळी पाहिलं तर पातळी रेघेपासून जेमतेम हललेली. ओरडणार होते, पण लेविनची आठवण ठेवून विचारलं, बाटली कुठे असायला हवी? उत्तर लगेच आलं : ‘मॅडम, बेडच्या पायथ्याशी कोण जाणार? औषधाच्या पंपांच्या स्टँडला लावा, हात तिथेच असतो.’ लावल्या. त्यानंतर रात्रीही बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. अर्थात पेशंटचं हृदय थांबलं असताना मी कुणाचं मत विचारत नाही. तेव्हा हुकूमच, आणि तो मोठ्या आवाजात.

सगळ्यात जास्त वापरलेला सिद्धांत म्हणजे हर्सी आणि ब्लँचर्ड यांचा, १९६९चा. समोरच्याची तयारी बघून वागायचं : नवख्याला सांगायचं, मग पटवायचं, मग सोबत घ्यायचं आणि शेवटी काम सोपवून मोकळं व्हायचं. संशोधनात याला भक्कम आधार मिळालेला नाही, तरी प्रशिक्षण वर्गांमध्ये हाच लाडका. मीसुद्धा यालाच धरून आहे आणि त्याला कारण माझीच एक चूक आहे.

जनरल वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या एक सिस्टर आमच्याकडे बदलून आल्या. वयाने माझ्याहून मोठ्या. मी म्हटलं, ‘तुम्हाला काय शिकवायचं, तुम्ही तर आमच्या सीनियर.’ मला वाटलं मान दिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पेशंटला बीपी टिकवणारं औषध सिरिंज पंपावर चालू होतं. या औषधाचा असर काही मिनिटांत उतरतो, म्हणून पहिली सिरिंज संपण्याआधी दुसरी तयार ठेवून लावावी लागते. त्यांनी अलार्म वाजल्यावर औषध भरायला घेतलं. बीपी सत्तरवर आला. शेजारच्या बेडवरची मुलगी धावली म्हणून निभावलं. नंतर त्या हळूच म्हणाल्या, ‘विचारणार होते हो, पण तुम्ही सीनियर म्हणालात, मग लाज वाटली.’ तयारी माणसाची नसते, त्या-त्या कामाची असते, हे मूळ सिद्धांतात लिहिलेलं आहे. मी ते लिहून मार्कही मिळवले होते.

फीडलरचा १९६७चा सिद्धांत हर्सी-ब्लँचर्डच्या बरोबर उलटं सांगतो : माणसाची शैली सहसा बदलत नाही, तेव्हा परिस्थिती बदला नाहीतर माणूस. तो वापरायला किचकट आहे, पण त्यातून एक गोष्ट उचलली. मला तंटे मिटवता येत नाहीत, मी लगेच नियमावर येते. ड्यूटीच्या तक्रारी आता दुसऱ्या एक सिस्टर ऐकतात. मी शांत, त्याही खूश.

परिवर्तनवादी नेतृत्वाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. बर्न्सने १९७८मध्ये मांडलेली कल्पना बासने १९८५मध्ये कामाच्या ठिकाणी आणली : नेत्याने ध्येय दाखवावं, माणसांना स्वार्थाच्या पलीकडे न्यावं. यावर संशोधन भरपूर, पण बरंचसं हाताखालच्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर चालतं, आणि साहेब आवडता असला की सगळ्याच रकान्यांत चांगले मार्क पडतात. त्यात व्याख्येतच परिणाम मिसळलेला : माणसं प्रेरित झाली म्हणजे नेता प्रेरक. हे वाचून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. ग्रीनलीफचं १९७०चं सेवक-नेतृत्व, म्हणजे नेत्याने आधी आपल्या माणसांची सेवा करावी, हे त्यापेक्षा बरं, फक्त इन्चार्जने सगळ्यांचे बेड स्वतः आवरायला घेऊ नयेत.

ज्याने झोप उडवली तो सिद्धांत मात्र वहीत अर्ध्या पानाचाच होता. जॉर्ज ग्रेन आणि सहकाऱ्यांचा, १९७०च्या दशकातला. त्यांचं म्हणणं, नेता सगळ्यांशी सारखा वागतच नाही. काही जण आतल्या गोटातले होतात, बाकीचे बाहेरचे, आणि हे फार लवकर, नकळत ठरतं. मी मनातल्या मनात भांडले : माझ्याकडे असलं काही नाही. मग तीन महिन्यांचं रजिस्टर घेऊन मोजायला बसले. नाइट ड्यूट्या बऱ्यापैकी सारख्या होत्या. पण ट्रेनिंगला पाठवलेली नावं फिरून-फिरून त्याच चौघींची. कारण शोधलं तर अगदी साधं होतं : त्या पहिल्याच फोनला हो म्हणतात, म्हणून मी फोनच आधी त्यांना करते. दोघी जणींना तर वर्षभरात मी कामाच्या सूचनेपलीकडे एक वाक्य बोलल्याचं आठवेना.

आता ड्यूटी लिस्ट लावण्याआधी दर महिन्याला मोजते. मागच्या महिन्यात त्या चौघींपैकी एकीचं नाव पुन्हा दोनदा आलं होतं. एक खोडलं.