ब्लू टँग माशावरचे पांढरे ठिपके जाऊन पुन्हा आले. खाऱ्या पाण्याच्या टाकीत आता काय करू?

तुमच्या प्रश्नातला घटनाक्रमच बरंच काही सांगून जातो. टँगवर मिठाच्या कणांएवढे ठिपके आले, दुकानदाराच्या सल्ल्यावरून तापमान ३२ अंशांवर नेलं, ठिपके गेले आणि काही दिवसांनी दुपटीनं परत आले. हा बहुतेक सागरी इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचा रोग.

ठिपके गेले ते तापमानामुळे नाही, ते जाणारच होते. हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेच्या आत साधारण ३ ते ७ दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून गळून पडतो आणि वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. आत एकाची शेकडो पिल्लं होतात. ती कधी ३ दिवसांत बाहेर येतात, कधी कित्येक आठवड्यांनी, आणि मग दिवस-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो. तापमान वाढवायचा उपाय गोड्या पाण्यातल्या इकसाठीचा. तो जीवच वेगळा. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि परजीवी कल्ल्यांतही बसलेला असतो. त्यामुळे तापमान हळूहळू २६ वर आणा.

औषधाआधी निदान पक्कं करा. त्यासाठी ठिपके मोजण्यापेक्षा श्वास बघा. मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतोय, धापा टाकतोय, उजेड टाळतोय, आणि बाजूनं टॉर्च मारल्यावर अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसतेय, तर तो वेल्व्हेट नावाचा वेगळा परजीवी रोग. त्यात मासा दोन-तीन दिवसांतही जातो, कधी भुकटी दिसायच्या आत. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट शेंबडासारखे पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला, हा आणखी एक परजीवी. त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मलिन लागतं. ठिपके नाहीत पण मासा दगडावर अंग घासतोय, डोळे धुरकट झालेत, तर फ्लूक, म्हणजे अंगाला चिकटणारे चपटे कृमी, असू शकतात. तापमान आणि पीएच जुळवलेल्या, क्लोरिन काढलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की ते पांढरे होऊन तळाशी पडलेले दिसतात. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध. इक मात्र या गोड्या आंघोळीला दाद देत नाही, कारण तो कातडीच्या आत असतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या टाकीत कोरल (प्रवाळ) आहेत, त्यामुळे तिथे औषध टाकायचंच नाही. तांब्यानं कोरल, कोळंबी, गोगलगाई मरतात. 'कोरलला सुरक्षित' असं लिहिलेल्या बाटल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि खाण्यातल्या लसणावरही नाही. सगळे मासे बाहेर काढा, निरोगी दिसणारे क्लाउनफिशसुद्धा. तांब्याचा उपचार वेगळ्या टाकीत करायचा: साधी टाकी, हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरे. वाळू किंवा दगड नको. ते तांबं शोषतात.

तांब्याची मापं उत्पादनागणिक बदलतात. चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) तांबं साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटरवर ठेवतात, तर आयनिक (मोकळ्या) तांब्याचं माप त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. एकाचं माप दुसऱ्याला लावलंत तर मासे मारून बसाल. पातळी दोन दिवसांत हळूहळू चढवा, टेस्ट किटनं रोज मोजा आणि ३० दिवस खाली येऊ देऊ नका. अमोनिया बांधणारी औषधं तांब्यासोबत घालू नका, अमोनिया वाढला तर पाणी बदला.

टेस्ट किट मिळत नसेल आणि इकची खात्री असेल, तर दोन प्लॅस्टिकचे टब घ्या. दर ७२ तासांनी मासे नव्या पाण्याच्या टबात हलवायचे, असं चार वेळा. गळलेले परजीवी फुटायच्या आत मागे राहतात. रिकामा टब, फिल्टर, जाळी सगळं धुऊन पूर्ण सुकवा. वेल्व्हेटसाठी या पद्धतीवर विसंबू नका.

तोवर मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. कोरल, कोळंबी तिथेच राहू द्या, इक त्यांच्यावर जगत नाही. या काळात नवं कोरल किंवा गोगलगाय टाकलीत तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण कवचं त्यांच्या तळाला किंवा शंखाला चिकटूनही येतात.