गोठ्यातले प्रश्न : पाच बॅटऱ्या आणि एक कालवड

प्रश्न : नाना, माझं माहेर नाशिक शहरातलं, सासर अमळनेर तालुक्यात. लग्नाला दोन वर्षं झाली, पण गाय विताना कधी पाहिली नव्हती. गेल्या पौषात आमची पहिलारू संकरित कालवड रात्री व्याली. साडेबाराला पाण्याची पिशवी फुटली, एकच्या सुमारास दोन खुरं दिसली. मग चाळीस मिनिटं काहीच नाही. ती उठायची, गोल फिरायची, पुन्हा बसायची. घरचे-शेजारचे मिळून आम्ही पाच जण बॅटऱ्या घेऊन उभे होतो. मी म्हणत होते थांबू या. सासरे म्हणाले, वासरू आत गुदमरेल. शेवटी दोरी बांधून ओढलं. गोऱ्हा झाला. जार (वासरामागून पडणारी वार) सकाळी दहाला पडला, आणि तोवर सासूबाईंनी त्याला चीक पाजू दिला नाही. आता तो महिन्याचा आहे, दोनदा हगवण लागून गेली. कोण चुकलं ते स्पष्ट सांगा, घरात अजून धुसफूस आहे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘पाच जण बॅटऱ्या घेऊन उभे होतो.’ चाळीस मिनिटांचं उत्तर मला तिथेच दिसतं. विणारं जनावर आडोसा शोधतं. डोळ्यावर उजेड पडला, माणसं बोलायला लागली, कुत्रं मध्ये आलं, की कळा मंदावतात. ती उठून फिरत होती ती वासरू अडलं म्हणून असेल असं नाही, तुम्ही सगळे तिथे होतात म्हणूनही असेल. एकाने थांबायचं, तेही लांब, खांबाच्या आडून. बाकीच्यांनी घरात जायचं.

आता दोरीचं. पिशवी फुटल्यापासून वासरू बाहेर यायला जुन्या गाईला साधारण तासभर लागतो, पहिलारूला दोन तासही लागू शकतात. म्हणून घड्याळापेक्षा खुरं बघायची. तळवे जमिनीकडे आणि खुरांच्या मागोमाग गुडघ्यांवर टेकलेलं नाक दिसलं, तर वासरू सरळ येतंय, विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं. तळवे आभाळाकडे असतील तर बहुतेक मागचे पाय आधी आलेत. दोन पाय आहेत पण नाक नाही, तर मान आत वळलेली असू शकते. या दोन्ही वेळी दोरीला हात लावायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. १९६२ या नंबरवर फिरता दवाखाना मागवता येतो. सगळं सरळ आहे, गाय जोर करतेय, आणि तरी अर्ध्या तासात वासरू बोटभरही पुढे सरकत नाही, तेव्हाही फोनच करायचा. सासरे घाबरले त्यात नवल नाही. तुमची कालवड मात्र सलग जोर करतच नव्हती, तिला आधी शांतता द्यायला हवी होती. म्हणजे थोडं तुमचं बरोबर, थोडं त्यांचं. असा निवाडा कोणालाच आवडत नाही, मला ठाऊक आहे.

ओढायचीच वेळ आली तर गाय जोर करेल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. दोन माणसांपेक्षा जास्त जोर नको. डोकं आणि छाती बाहेर आली, की दिशा खाली, गाईच्या मागच्या खुरांकडे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, वय बावीस, गिरणाकाठचं एक गाव. लोक जमलेले आणि मला माझं काम दाखवायचं होतं. चार जणांना दोरीला लावलं आणि सरळ मागे ओढलं. वासरू जिवंत निघालं. मालकाने खांद्यावर हात ठेवला, ‘तू व्हता म्हनीसन वासरू वाचनं, भाऊ.’ घरात नेऊन शेवभाजी खाऊ घातली. गाय आतून फाटली होती, ते मला चौथ्या दिवशी कळलं. ती पुन्हा गाभण राहिली नाही, दोन वर्षांनी बाजारात गेली. त्या गावात आजही माझं नाव चांगलंच घेतात, म्हणून मी तिकडे फारसा जात नाही.

पण ताई, तुमच्या घरात भांडण दोरीवरून झालं आणि खरी चूक कोणाच्या लक्षातच आली नाही. आठ तास वासरू उपाशी राहिलं.

‘जार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही समजूत आपल्या खान्देशात घरोघरी आहे. माझी आईही तेच करायची, तेव्हा सासूबाईंना बोल लावू नका. पण हे उलटं आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं. तास जातील तशी ही सोय कमी होते आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर चीक लागतो, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. हगवणीला कारणं अनेक असतात. ओला गोठा, घाणेरडी बादली, गार दूध. पण उशिरा चीक प्यायलेलं वासरू आधी पडतं, एवढं मी चौतीस वर्षांत पाहिलंय. शेजारी खरवसासाठी तांब्या घेऊन येतात ना, त्यांना संध्याकाळी यायला सांगा. संकरित गाईला वासराचं भागून उरतो.

आणि वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात पान्हा सुटतो, त्यानेच गर्भाशय आवळतं आणि जार सुटायला मदत होते. तुमच्या गाईचा आठ तासांत पडला, त्यात काळजीचं काही नाही. बारा तास उलटले तर डॉक्टर. लोंबत्या जाराला वीट किंवा चप्पल बांधू नका, हाताने ओढूही नका.

पुढच्या वेळी नाळेचं विसरू नका. पोटापासून दोन बोटं अंतर सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, खालून कापायची, टिंक्चर आयोडीन लावायचं. हळद-राख नको. गाय चाटत असेल तर चाटू द्या, त्या खरखरीत जिभेने वासराच्या श्वासाला आणि रक्ताभिसरणाला चालना मिळते. पौषातल्या थंडीत वरून कोरडं गोणपाट फिरवा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला गाय विताना पाहू द्यावं का? (शहादा)

उत्तर : द्या, लांबून. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी पाहिलं. ‘तिला दुखतंय का?’ म्हणाली. मी हो म्हणालो. ‘मग ती ओरडत का नाही?’ यावर मला काही सुचलं नाही. वासरू उभं राहताना तीनदा पडलं, तेव्हा ती हसली आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

प्रश्न : गाई रात्रीच का वितात? जागरणाने जीव गेला. (रावेर)

उत्तर : दिवसाही वितात, आपण शेतात असल्याने कळत नाही एवढंच. पण शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य चारा-ढेप सकाळी न देता रात्री उशिरा द्या. असं केल्यावर बऱ्याच गाई दिवसा वितात. खात्री मात्र देत नाही. मी माझ्या गाईला हेच केलं, तरी ती पहाटे चारला व्याली. रात्रभर बसलो होतो. चहाचा कप ठेवायला घरात गेलो, परत येईतो ती वासराला चाटत होती.